पुरवणीचं पथ्य

"मांजर काय काय खातं?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "काय खात नाही ते विचारा, लवकर आटपेल."

त्या हसल्या नाहीत. तरुण पोर, पण हसणं फार जपून वापरणारी. समोर टेबलावर आमची मांजर अंग चोरून बसली होती. मानेभोवतीचे केस गेलेले, कानामागे खाजवून खाजवून रक्त काढलेलं, आणि पोटाची तर बोंबच. खाल्लेलं सगळं थोड्या वेळात माझ्या पायपुसण्यावर. पायपुसण्यावरच का, ते तिचं तिला ठाऊक. बाकी घरभर फरशी मोकळी पडलेली असते.

"नाव काय म्हणालात?"

"पुरवणी."

आता त्यांनी मान वर केली. मग मला सगळं सांगावं लागलं. आमचं पुस्तकबांधणीचं काम आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. तिथे कागदाच्या गठ्ठ्यामागे एका मांजरीनं पिल्लं घातली आणि एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे नेली. ही एकच मागे राहिली. माझी लेक तेव्हा कॉलेजात होती, परीक्षा चालू होत्या. ती म्हणाली, आई, ही जास्तीची आहे, हिला आपण जोडून घेऊ. म्हणून पुरवणी.

"लेक काय करते आता?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

"नाही ती," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

त्यांनी पुरवणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कामाचं बोलायला लागल्या. ते मला बरं वाटलं. लोक अशा वेळी तोंड वाईट करतात, मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं.

त्यांचं म्हणणं असं, की काही मांजरांना एखादं खाणं सोसत नाही. कणभर पोटात गेलं तरी अंग पेटून उठतं. बहुतेक वेळा कोंबडी, मासे, दूध, नाहीतर गाईगुरांचं मांस.

"शेवटचं सोडा," मी ठासून सांगितलं. "ते आमच्या घरात येतच नाही."

"नक्की?"

"अहो, घर माझं आहे. मला माहीत नसणार का?"

मग त्यांनी पथ्य सांगितलं. जे तिनं जन्मात खाल्लेलं नाही, असं एकच मांस द्यायचं. सशाचं तयार खाणं मिळतं. दोन महिने तेवढंच आणि पाणी. चव म्हणूनसुद्धा दुसरं काही नाही. त्यानं खाज थांबली, तर मग जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे आणि कशानं खाज उठते ते बघायचं. सशाच्या खाण्यात दोन प्रकार होते, कोरडे दाणे आणि डब्यातलं ओलं. मी कोरडे घेतले. वास नाही, चिकटा नाही, वाटीत ओतले की सुटलो.

घरी येऊन मी फर्मान काढलं. आमच्या ह्यांनी हातातली सुई न थांबवता मान हलवली. हे बोलतात कमी, ते भरून काढायला देवानं मला पाठवलंय. वरच्या मजल्यावर माझी धाकटी नणंद राहते. पुरवणीला सायीची सवय तिनंच लावलेली.

"वहिनी, बोटभर साय तरी?" तिनं जिन्यातूनच विचारलं.

"बोटभरसुद्धा नाही!"

मी डोळ्यांत तेल घालून राखण केली. कचऱ्याच्या डब्यावर दगड ठेवला. स्वयंपाकघराला कडी. दुधाचं पातेलं कपाटात. आणि एवढं सगळं करून महिनाभरानं बघते तर मान तशीच लाल, उलट्या तशाच. पुरवणीचं वजन उतरलं. उचलून घेतलं की बरगड्या हाताला लागायच्या. खाजवू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्या गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली, ती घेऊन दाराच्या चौकटीला थाडथाड आपटत फिरायची. अन्न अंगी लागलं नाही तर फार दिवस काढायची नाही, असं त्या मला स्पष्ट म्हणाल्या.

मग माझा तोल गेला. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते वरच्या मजल्यावरच, असं मी ठरवूनच टाकलं. जिना चढून गेले आणि नणंदेला वाट्टेल ते बोलले. ती रडायला लागली. "वहिनी, आपल्या पोरीचं मांजर आहे ते. मी मुद्दाम मारीन का?" मी तशीच खाली उतरले. त्यानंतर ती जिन्यात दिसली की मान खाली घालून जायची आणि मीही तोंड फिरवायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कॉलर काढून मान बघितली आणि सुस्कारा टाकला. "खाण्याचं राहू द्या. तिच्या तोंडाला दिवसभरात काय काय लागतं? औषध, मेणबत्ती, साबण, मलम, कोणाचे हात. नीट आठवा."

"मांजर आहे ते. तोंडाला काय लागत नाही?" मी वैतागूनच म्हटलं आणि टोपली उचलून घरी आले.

संध्याकाळी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले. ह्यांचं काम संपत आलं होतं. शेवटच्या पुस्तकाची पाठ चिकटवून झाली, पुस्तक दाबयंत्रात गेलं, त्याचा दांडा फिरला. शेगडीवर सरसाचं भांडं मंद वाफाळत होतं. हल्ली सगळे बाटलीतला पांढरा गोंद वापरतात. हे नाही. ह्यांना सरसच लागतो. आदल्या दिवशी भिजत घालायचा, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचा, आणि घरभर तो वास. लग्न होऊन आले तेव्हा मला मळमळायचं. आता वास येतो हेच कळत नाही.

हे स्टुलावर बसले. उजवा हात गुडघ्यावर, बोटं सैल. हाक नाही, चुचकारणं नाही. पुरवणी कागदाच्या गठ्ठ्यावरून उतरली, आली, आणि एकेक बोट चाटायला लागली. अंगठा, मग तर्जनी, मग नखांच्या कडा. हे डोळे मिटून बसले होते.

हे मी रोज बघत होते. रोज. चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहत होते.

सरस कशाचा करतात, हे का मला माहीत नव्हतं? गुरांची कातडी आणि हाडं उकळून. सरसाची गोणी उघडली की आतल्या कुटक्यांना अजून तोच वास असतो. आणि मी डॉक्टरीणबाईंना तोंड वर करून सांगून आले होते, ते आमच्या घरात येतच नाही म्हणून.  चहा मेजावर ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले.

तुम्ही म्हणाल, त्यात बसायचं काय? जायचं आणि सांगायचं, अहो, हात धुवा. दुसऱ्या दिवशी सरसाचं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या. "असू शकतं. अगदी असू शकतं. त्यांना सांगा ना, एवढं सोपं आहे."

सोपं!

लेकीची छाती लहानपणापासून नाजूक होती. ती त्याच पुढच्या खोलीत वाढली. कागद कापायच्या मेजाखाली तिचं अंथरूण, कागदाच्या कातरणांत तिची भातुकली. मोठी झाल्यावर दम लागायला लागला, आणि मग तो लागतच गेला. मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, बांधणीचं काम, घरातच. ते "हं" म्हणाले. तेवढंच. ना हो, ना नाही. नुसतं हं. पण हे माझ्या शेजारी उभे होते, आणि ते हं ह्यांच्या आत जाऊन बसलं ते बसलंच. लेक गेल्यावर ह्यांनी मला एकदाच विचारलं, "माझ्यामुळेच ना?" मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. दुसरं काय म्हणणार होते? मला तरी कुठे माहीत होतं?

नंतर किती तरी महिने हे त्या खोलीत गेले नाहीत. लोकांची पुस्तकं उसवलेली पडून राहिली. खिडकीकडे तोंड करून बसायचे, वाढलं तर जेवायचे. हा माणूसही आता माझ्या हातून जातोय, असं मला वाटायला लागलं होतं. आणि मग एका संध्याकाळी पुरवणी त्या रिकाम्या स्टुलाशी बसून ओरडायला लागली. थांबेचना. हे उठले, स्टुलावर जाऊन बसले, हात पुढे केला. हात कोरडा होता, चाटायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सरस भिजत घातला.

आता ह्या माणसाला मी सांगू, की तुमच्या कामानं हीसुद्धा आजारी पडली? मी बोलते फार, सगळ्यांना माहीत आहे. पण हे वाक्य काही माझ्या जिभेवर येईना. आणि नाही सांगावं, तर ते जनावर माझ्या डोळ्यांदेखत झिजत चाललेलं.

पहिल्या दिवशी मी पुरवणीला त्या वेळेला स्वयंपाकघरात कोंडलं. तिनं दार खरवडून काढलं. मी पडद्याआडून बघितलं. हे स्टुलावर बसले, हात गुडघ्यावर ठेवला, बोटं सैल सोडली, आणि वाट बघत राहिले. बराच वेळ बसले. मग तो हात उचलून पाहिला, दोन्ही बाजूंनी, आणि खिशात घातला. मला बघवेना. कडी काढली.

दुसऱ्या दिवशी मी घमेल्यात ऊन पाणी आणि साबण घेऊन गेले. म्हटलं, "बोटं बघा कशी फुटलीत. आणा इकडे." ह्यांनी हात पाण्यात घातले. मी नखांतून ब्रश फिरवला, सरसाचा पिवळा थर सुटून निघाला. इतक्या वर्षांत मी ह्यांचे हात असे धरले नव्हते. पुसून झाल्यावर पुरवणी आली, बोटांजवळ नाक नेलं, हुंगलं, आणि वळून निघून गेली.

मला वाटलं, फरशी फाटावी आणि मी आत जावं. तिला सरसच हवा होता की काय? एवढे दिवस सरसच हवा होता?

"तिलाही कंटाळा आला माझा," हे म्हणाले. अगदी साध्या आवाजात. राग नाही, रडणं नाही.

मी सकाळी उठून दवाखाना गाठला. कोरडे दाणे परत दिले आणि ओले डबे घेतले. "त्यांच्या बोटांना लागेल असं पाहिजे," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून दाखवला. आत रस्सा होता, चिकट, बोटाला धरून राहणारा. कुठल्याही मांजराचं पथ्य असं ठरलं नसेल, पण आमचं असं ठरलं. ससा तोच, नुसता बोटाला चिकटणारा.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. वाटीत घातलं तर ती खात नाही, हातानं भरवायचं. मला वेळ नाही. तुम्ही भरवा. आणि हात स्वच्छ धुऊनच, नाहीतर मला बोलणी बसतील."

"वाटीतलं खात होती की," हे म्हणाले.

"मी डॉक्टर आहे की त्या?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केले. मी घमेलं सरकवलं.

पुरवणी त्या दिवशी लांब बसून राहिली. ह्यांनी बोटावर थोडं खाणं घेतलं आणि हात तसाच ठेवला. हात अवघडला असणार, पण हलवला नाही. शेवटी ती आली. चाटून बघितलं. मग अंगठा, मग तर्जनी. मी घमेल्यातलं पाणी ओतायला म्हणून बाहेर गेले आणि तिथे उभी राहून पोटभर रडले.

त्यानंतर रोज तसंच. ऊन पाणी, साबण, डबा. उलट्या थांबल्या. पायपुसणं स्वच्छ राहायला लागलं. मानेवर आधी मऊ लव आली, मग केस. कॉलर निघाली. मी वर जाऊन नणंदेपुढे उभी राहिले आणि म्हटलं, "चुकले. मी फार वाईट बोलले तुला." ती म्हणाली, "वहिनी, तू चांगलं कधी बोलतेस?" मग आम्ही दोघी हसलो, आणि तिनं माझ्यापुढे चहा ठेवला.

पुढच्या तपासणीला हे स्वतः निघाले. टोपली ह्यांनीच उचलली. मी वाटभर देवाला हात जोडत होते.

"छान भरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कशानं झालं होतं?" ह्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले. "नक्की सांगता येत नाही," त्या जपून म्हणाल्या. "सशाच्या खाण्याचा गुण यायला कधी कधी वेळ लागतो, तेही असेल. दुसरंही काही असेल. खात्रीच करायची तर ज्याचा संशय आहे ते परत देऊन बघायचं. खाज उठली तर तेच. उठली तर लगेच थांबवायचं, तेवढ्यानं तिला काही होणार नाही."

"म्हणजे कळतं?"

"हो. मांजराच्या बाबतीत कळतं."

 संध्याकाळी काम आटपलं, मी घमेलं घेऊन गेले, तर म्हणाले, "ठेव ते खाली. सरस होता ना?"

मी घमेलं खाली ठेवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? लग्न झाल्यापासून हात धुवा, हात धुवा म्हणून ओरडतेस. पाणी कधी आणून दिलं नाहीस." हे थोडे हसले. मग हसू गेलं. "आणि तिचं? तिचं पण असंच होतं का? मी हात धुतले असते, काम दुसरीकडे नेलं असतं, तर?"

दोन वर्षं मी ह्या प्रश्नाला भीत होते. मी फरशीवर बसले. "मला माहीत नाही हो," मी म्हटलं. "आईशपथ माहीत नाही. नाही म्हणाले तेव्हाही माहीत नव्हतं. पण ती मेजाखालून कधी हलायला तयार नव्हती, एवढं माहीत आहे. मी तिला आत झोपवायची आणि ती उशी घेऊन तुमच्याकडे यायची. तिला तुम्ही लागायचात. मी काय, तिला फरफटत नेलं असतं का?"

 मग हे उठले, शेगडीजवळ गेले आणि तर्जनी सरसात बुडवली. बोटावर तांबूस थेंब चढला.

"निदान हिचं तरी कळेल," हे म्हणाले आणि स्टुलावर बसले.

मी ओरडणारच होते. मांजर दोघांचं होतं, पण हे जाणून घ्यायची तहान एकट्या ह्यांची होती. दोन वर्षांची. मी कोण नको म्हणणारी?

पुरवणीला वास आला. कान उभे राहिले. गठ्ठ्यावरून उडी मारून ती धावतच आली, शेपटी ताठ, आणि तोंड पुढे केलं.  तिच्या मानेवर नवे केस होते, मागच्या आठवड्यात आलेले. हे त्या केसांकडे बघत होते. तिची जीभ बाहेर आली, आणि ह्यांनी मूठ मिटली.

"नाही कळलं तरी चालेल," हे म्हणाले.

उठून मोरीत गेले. आपल्या हातानं नळ सोडला, साबण घेतला, आणि हात धुतले, कोपरापर्यंत, नखांसकट. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मध्येच दुसराही आवाज आला, लेक गेली तेव्हाही मी न ऐकलेला. मी आत गेले नाही. त्यांचं त्यांना रडू दिलं.

मग हे येऊन स्टुलावर बसले. ओला हात सदऱ्याला पुसला आणि गुडघ्यावर ठेवला, बोटं सैल. पुरवणी अजून तिथेच होती. तिनं हात हुंगला. साबणाचा वास असणार, तिनं नाक मुरडलं. पुन्हा हुंगला. मग पुढचे पाय मुडपून बसली आणि अंगठ्यापासून चाटायला लागली.

सशाचा डबा माझ्या हातात होता. अजून उघडलेला नव्हता. मी तो तसाच धरून फरशीवर बसून राहिले.